पीक : स्मरणशक्ती, वाण : स्थानिक

पाटोद्याच्या पोस्टात नोकरी लागली तेव्हा खोलीसाठी मी तीन घरं फिरलो. तिन्ही घरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग, "अरेरे, कालच गेली की हो खोली," म्हणून सांगितलं. चौथ्या घराच्या ओट्यावर एक उंच, वाळकासा माणूस भिंग घेऊन औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसला होता. त्यानं आडनाव सोडाच, नावसुद्धा विचारलं नाही. वर बघितलं आणि म्हणाला, "बदाम खाता का?"

"मिळाले तर खातो की," मी म्हणालो.

"मिळत न्हाईत ना पण?"

"पहिला पगारच व्हायचाय अजून."

"मग बेस झालं. खोली तुमची," म्हणाले आणि परत बाटलीत डोकं घातलं.

मी भारावून गेलो होतो. म्हटलं, जात न विचारणारा माणूस आहे अजून या तालुक्यात! आठवडाभरानं कळलं की त्यांना कसल्याशा प्रयोगासाठी बदाम न खाणारा माणूसच हवा होता. माझ्या आधीचा भाडेकरू गुपचूप खारीक-खोबरं खाताना सापडला, म्हणून त्याला खोली सोडावी लागली होती. असो. कारण काही का असेना, खोली हवेशीर होती.

हे घरमालक काका म्हणजे तीस वर्षं कृषी सहायक राहून निवृत्त झालेला माणूस. गावोगाव प्रात्यक्षिकाचे प्लॉट टाकायचे, एकात हे खत, दुसऱ्यात ते खत, तिसऱ्यात काहीच नाही, त्याला कंट्रोल म्हणायचं, आणि हंगाम संपला की मोजायचं, हा त्यांचा धंदा. नोकरी संपली, पण जीभ काही खात्यातून निवृत्त झाली नाही. कुणाचं तान्हं पोर दाखवायला आणलं की म्हणायचे, "उगवण चांगली झालीय." मला पहिल्यांदा नीट न्याहाळलं तेव्हा म्हणाले, "वाढ खुंटलेली हाय बे तुझी, पण बुंधा दणकट हाय." तुम्हीवरून 'बे'वर यायला त्यांना दोन दिवस पुरले.

अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा होता. पीक कापणी प्रयोगाचा आकडा आयुष्यात एकदाही खोटा लिहिला नव्हता. काटा जे सांगेल ते रजिस्टरात. वरून फोन यायचे, जरा वाढवून लिहा, जरा कमी लिहा. काका म्हणायचे, "मग काट्याला फोन करा." त्यापायी तीनदा बदली झाली. त्यातली एक कडा या गावाला. काकू हसून सांगायच्या, "ह्यांच्या खरेपणानं आमाला जिल्हा फिरवला."

आणि काकू विसरायला लागल्या होत्या.

आधी साधं होतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, कुलूप लावून किल्ली आतच राहायची. असलं कुणाचंही होतं. पण एका सकाळी त्या पिशवी घेऊन बाजाराला म्हणून निघाल्या आणि एसटीत बसून थेट कड्याला गेल्या. तिथं दहा-बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराचं दार वाजवलं आणि दार उघडणाऱ्या बाईलाच म्हणाल्या, "तुमी आमच्या घरात काय करायलाव?" ती बाई भली. तिनं चहा पाजला, फोन लावला. काका जीप करून गेले आणि घेऊन आले.

मग अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, रक्तात काही कमी निघालं असतं तर भरून काढलं असतं, पण तसं काही नाही. बाजारातल्या बुद्धी वाढवायच्या गोळ्यांच्या नादी लागू नका. त्यांना रोज फिरवा, बोलतं ठेवा, कामात ठेवा, झोप होऊ द्या, बीपी सांभाळा. बाकी हळूहळू वाढत जाईल, मन घट्ट करा.

काका घरी येऊन माझ्यावरच उखडले. "'फिरवा' ही काय मात्रा झाली का बे? किती किलो फिरवू? तीस वर्षं शेतकऱ्याला सांगत आलो की काहीतरी टाकल्याशिवाय पीक येत न्हाई. आन आता माझ्याच घरचं रान वाळायलंय तर म्हणतेत, गप उभं ऱ्हा बांधावर!"

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मी पोस्टाचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पार्सलं वाढली आणि ती माझ्याच हातानं घरी यायला लागली.

बाप रे, काय काय यायचं त्यात! ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, माशाच्या तेलाच्या कॅप्सुली, अक्रोड, कसल्या परदेशी झाडाच्या पानांचा अर्क, हळदीचा अर्क. ओट्यावर सगळ्या बाटल्या ओळीनं मांडून काका भिंगानं लेबलं वाचायचे आणि खवळायचे. "हे बघ. आत काय काय हाय ते लिवलंय, पण किती हाय ते न्हाई लिवलं! टक्का न लिवलेलं खत आमी जागेवर जप्त करायचो. आन हे बघ, 'मेंदूस बळ देण्यास साहाय्यक'. साहाय्यक! कृषी सहायक मी बी होतो. सहायकाच्या हातात काय असतं ते मला इचार." एका बाटलीवर तळाला बारीक अक्षरात छापलं होतं की या मजकुराची कुणी सरकारी तपासणी केलेली नाही. ते वाचून मात्र काका खूश झाले. म्हणाले, "येवढा एक खरा बोलतोय."

एकदा त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळेच ऐकत होतो.

"ताई, ह्याची मात्रा किती?"

"सर, रोज एक गोळी."

"किती क्षेत्राला?"

"सर?"

"क्षेत्र, क्षेत्र! एका गोळीत किती क्षेत्र झाकतं?"

पलीकडं पोरगी बिचारी कागद चाळत होती. मग म्हणाली, "सर, एक डोकं."

"बरं. आन कंट्रोल प्लॉट टाकलता का तुमी?"

तिनं फोन साहेबांना जोडून देते म्हणून सांगितलं. अर्धा तास बासरी वाजली आणि फोन कट झाला. काकांनी रजिस्टर उघडून लिहिलं, 'कंपनीकडे कंट्रोल नाही. आपण लगेच टाकावा.'

त्यांच्या आवारात पाठीमागं चार खोल्यांची चाळ होती. मृग लागला त्या आठवड्यात खोल्यांचे प्लॉट झाले. खरोखर पाट्या आल्या हो, लोखंडी, पायाला सिमेंट घातलेल्या, पिवळ्या रंगावर काळी अक्षरं. पहिल्या खोलीत एसटीचे कंडक्टर राहायचे, त्यांना बदाम-अक्रोड. दुसऱ्या खोलीत फळांचा गाडा लावणारे चाचा, त्यांना माशाचं तेल. तिसरीत अंगणवाडीच्या मावशी, त्यांना ब्राह्मी. चौथा मी. माझी पाटी अजून डोळ्यांपुढं आहे:

'प्लॉट क्र. ४ (कंट्रोल). पीक : स्मरणशक्ती. वाण : स्थानिक. मात्रा : काही नाही.'

पेन्शनला आलेली म्हातारी माणसंसुद्धा पोस्टाच्या खिडकीतून विचारायची, "तुमीच का हो ते काही नाहीवाले?"

मी चिडलो. म्हटलं, "काका, सगळ्यांना काहीतरी आणि मलाच का ठेंगा?"

"कंट्रोल हा सगळ्यात मानाचा प्लॉट असतो बे," काका म्हणाले. "त्याच्यावाचून बाकीच्यांना किंमत न्हाई."

"मग तो मान काकूंना द्या."

त्यावर काकांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. "तिच्यावर प्रयोग न्हाई," ते म्हणाले. "आधी तुमच्यावर तपासायचं. जे लागू पडंल तेवढंच तिला द्यायचं. दिवाळीपत्तोर मला ठरवायचंच हाय. त्याच्याम्होरं तिला दम निघंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

आम्ही चौघांनी त्या दिवसानंतर कुरकुर केली नाही.

दर रविवारी सकाळी परीक्षा असायची. परातीत वीस वस्तू मांडलेल्या. अडकित्ता, बिब्बा, सेल, बटाटा, बाहुलीचा हात, काहीही. एक मिनिट बघायचं, वर टॉवेल पडायचा आणि मग नावं लिहायची. जितकी नावं बरोबर तेवढा 'उतारा', म्हणजे पिकाचं उत्पन्न, असं काका म्हणायचे. कंडक्टर वस्तू थांब्यांसारख्या ओळीनं पाठ करायचे आणि मधली एक राहिली की पुढचा सगळा मार्ग बंद पडायचा. चाचा लिहिताना प्रत्येक वस्तू नासकी आहे की ताजी तेही लिहायचे. मावशींना अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळायची सवय. त्या परातीत नसलेल्यासुद्धा चार वस्तू सांगायच्या.

आता काकांची ती महान चूक. शास्त्राचा नियम असा की वाटणारा आणि मोजणारा एकच माणूस नसावा, नाहीतर मन झुकतं. मोजणारे काका. मग वाटणार कोण? घरात दुसरं होतं कोण? काकांनी रंगीत झाकणांचे तीन डबे केले, वर चिठ्ठ्या लावल्या आणि रोज सकाळी वाटपाचं काम दिलं काकूंना. ज्या बाईचं विसरणं थांबवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्याच आठवणीवर तो उभा केला. तीस वर्षांचा अनुभव आणि हे डोक्यात आलं नाही. का आलं होतं आणि तिला कामात ठेवायचं म्हणूनच दिलं, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू माझ्या दारात. हातात वाटी, वाटीत सोललेले भिजवलेले बदाम.

"काकू, मला काही नसतं. मी कंट्रोल."

"कावून न्हाई? समद्यांला देतेत आन एका लेकराला उपाशी ठेवतेत व्हय? खा मुकाट्यानं."

मी खाल्ले. खोटं कशाला बोलू, रोज खाल्ले. वाटायचं काकांना सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमची बायको विसरते, हे? ते तर त्यांना माहीतच होतं. पण ती या कामातसुद्धा विसरते हे मी सांगायचं आणि त्यांनी रजिस्टरात लिहायचं? माझ्यानं होईना. शिवाय बदाम चांगले होते.

दिवाळीच्या आधी काढणी. काकांनी चक्क शिवार फेरी ठेवली. आवारात मांडव, खुर्च्या, निवृत्त सहकारी दहा-बारा आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचे जुने तालुक्याचे साहेब. आम्ही चौघं आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या पाटीशेजारी उभे. नारळ फुटला. मंडळी प्लॉट बघत निघाली. साहेब माझ्यापुढं थांबून वाकून असे निरखत होते की आता पानासारखा कान उलटा करून मावा पडलाय का बघतात की काय, असं मला वाटलं.

मग शेवटची परात झाली आणि काकांनी आकडे वाचले. प्लॉट एक, अकरा. प्लॉट दोन, नऊ. प्लॉट तीन, बारा. प्लॉट चार, सतरा.

सगळ्यांनी वळून माझी पाटी परत वाचली.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "काहीच न देणं सगळ्यात उत्तम?"

काका घामाघूम. रजिस्टर उलटंसुलटं करून बघितलं. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "चारमदी बाहेरचं पाणी शिरलंय. खरं सांग बे. काय खाल्लंस?"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. मी त्यांच्याकडं बघितलं. मग काकूच कौतुकानं म्हणाल्या, "अहो, त्याला काय इचारता? बदामवाला न्हवं का त्यो? मी रोज देते की."

"वहिनी, बदाम तर कंडक्टरला होते ना?" साहेब म्हणाले.

"त्यांला?" काकूंनी कंडक्टरकडं बघितलं. "त्यांला ते... पिवळ्या गोळ्या... न्हाई का?"

कंडक्टर पक्के शाकाहारी माणूस. चार महिने ढेकर मासळीचा येतोय हे त्यांना कळत होतं आणि बिचारे रोज गुळण्या करून ड्युटीवर जात होते. चाचांना कधी तिन्ही डब्यांतलं एकदम यायचं, कधी काहीच नाही. त्यांनी भीतीनं पुष्कळसं बकरीपुढं टाकलं होतं. मावशी ब्राह्मी वाट्याला येईल त्या दिवशी हळदीकुंकू लावून ठेवून द्यायच्या. हे सगळं मला नंतर कळलं. प्रत्येकाला वाटत होतं की घोळ आपल्याच वाटपात आहे आणि प्रत्येकानं तोंड मिटून घेतलं होतं.

एक पाहुणा फिस्सकन हसला. साहेब हसत म्हणाले, "मग वाटपच चुकलं म्हणा की, वहिनी!"

काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या डब्यांकडं बघत होत्या, मग आमच्याकडं, मग पुन्हा डब्यांकडं. आणि त्यांना कळत होतं. काय चुकलं ते नाही, पण काहीतरी चुकलंय आणि ते आपल्यामुळं, एवढं कळत होतं.

काका मध्येच बोलले. आवाज पार सरकारी. "न्हाई साहेब. वाटप तिनं बरोबर केलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या. आजकाल माझ्याच काही ध्यानात ऱ्हात न्हाई."

चिठ्ठ्या बरोबर होत्या. आम्ही चौघं तिथंच उभे होतो, आम्हाला दिसत होत्या.

मग कंडक्टर घसा खाकरून म्हणाले, "व्हय व्हय. परवा काकांनी मला दोनदा नाव इचारलं."

"सायकल बाजारात ठिवून चालत आलते," मावशी म्हणाल्या.

"या अल्ला, मेरे गाडे पर आके पूछे, केळं म्हणजे काय?" चाचांनी जरा जास्तच ताणलं. काका कड्याच्या गाडीत बसायला निघाले होते, असं काहीतरी मीही ठोकून दिलं आणि जीभ चावली. पण काकूंच्या ते लक्षात नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, तडक काकांपाशी गेल्या आणि त्यांचा दंड धरला. "अवो, येवढं व्हायलंय आन मला सांगायचं न्हाई का? मी मेलेय का काय?"

काकांनी रजिस्टर उघडलं. मी बाजूलाच होतो, म्हणून दिसलं. लिहिलं, 'प्रयोग रद्द. कारण : प्रयोगकर्त्याची विस्मृती.' खाली सही केली. तीस वर्षं काट्यापुढं कुणाचं ऐकलं नाही त्या माणसानं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पाटोद्यात झालं की कृषीवाल्या काकांचं डोकं गेलं. किराणावाला सुट्टे परत देताना त्यांची मूठ मिटून द्यायला लागला. लोक येऊन ब्राह्मी तेल देऊन जायचे. काका सगळं घ्यायचे आणि "आपण कोण?" असं विचारून देणाऱ्याचा जीव थंड करायचे. माझ्याकडं बघून मात्र हळूच डोळा मारायचे.

आणि काकूंनी पदर खोचला. त्यांनी काकांच्या सदऱ्याच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली. रोज सकाळी त्यांना वार विचारायच्या. काका मुद्दाम चुकीचा सांगायचे. मग काकू कॅलेंडरापुढं उभं राहून बोट फिरवत खरा वार शोधायच्या, कधी पाच मिनिटं, कधी दहा, आणि सापडला की दरडावून सांगायच्या. संध्याकाळी काका 'हरवायचे'. म्हणजे देवळापाशी, नाहीतर बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसायचे. काकू त्यांना शोधायला निघायच्या. वाटेत गाड्यावरून चाचा हाक द्यायचे, "भाभी, इधर नही, स्टँडकडं गेलेत!" काकू बोलत बोलत, भांडत भांडत नवऱ्याला घरी घेऊन यायच्या. रोजची चांगली दोन किलोमीटरची रपेट व्हायची. एकदा मी काकांना म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलं तेच करताय की."

"गप बे," ते म्हणाले. "मी हरवलोय."

दोन वर्षं हे असं चाललं. दोन वर्षं काकू घराच्या मालकीण म्हणून वावरल्या. मग माझी घाटनांदूरला बदली झाली. जाताना काकूंनी बांधून दिलेल्या डब्यात भाजी नव्हती, नुसत्या पोळ्याच होत्या. त्या मी एसटीत तशाच खाल्ल्या आणि रडू आलं, ते इथं लिहूनच टाकतो.

त्यानंतर मध्ये बरीच वर्षं गेली. फोन व्हायचे, मग फोनवर काकू बोलेनाशा झाल्या. गेल्या उन्हाळ्यात पाटोद्याला काम निघालं तेव्हा दुपारचा गेलो. दार काकूंनीच उघडलं. पार वाळल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या, परक्या माणसाकडं बघून मायेची बाई हसते तसं.

"कोण पाहिजे?"

त्यांच्या मागं काका खाटेवर बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि अर्धे उठले. ओळख डोळ्यांत लख्ख दिसत होती, नाव ओठांवर आलं होतं. मग त्यांनी काकूंच्या पाठीकडं बघितलं आणि परत खाली बसले.

"कोण आलंय गं?"

"बघा बरं तुमच्या वळखीचं हाय का," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती होती, स्वतःच्या बाबतीतली.

काकांनी मला नीट, सावकाश न्याहाळलं. "न्हाई बा," ते म्हणाले. "मी तर पहिल्यांदाच बघतोय."

काकूंनी मोठा श्वास सोडला. माझा हात हातात घेतला आणि मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नगा लेकरा. ह्यांचं असंच झालंय. आपल्या माणसाला बी वळखत न्हाईत. मी हाय म्हणून चाललंय. तुमी बसा."

मी बसलो. दोघांना माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पोस्टात असतो म्हणून सांगितलं. दोघंही मान हलवत ऐकत होते. काकूंनी दोनदा नाव विचारलं, म्हणून काकांनी तीनदा विचारलं.

निघताना काका दारापर्यंत आले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आयुष्यात पहिल्यांदा.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "ओळख झाली."